कार्बन कर रद्द झाल्यावर

१९ सप्टेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाचे नवे पर्यावरणमंत्री ग्रेग हंट यांनी टिम फ्लॅनरी यांना फोन केला. पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी होऊन जेमतेम एक दिवस झाला होता. फ्लॅनरी हे नावाजलेले जीवशास्त्रज्ञ आणि ‘क्लायमेट कमिशन’ या सरकारी मंडळाचे प्रमुख. हवामान बदलाचं विज्ञान सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सांगायचं, गावोगावी सभा घेऊन लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची, एवढंच या मंडळाचं काम. धोरण ठरवायचा अधिकार त्याला नव्हताच. मंडळ बरखास्त केल्याचं फ्लॅनरींना त्या फोनवर कळलं.

मंडळावरचे शास्त्रज्ञ घरी बसले नाहीत. आठवडा उलटायच्या आत त्यांनी ‘क्लायमेट काउन्सिल’ या नावाने तेच काम पुन्हा सुरू केलं. सरकारी तिजोरीची जागा लोकवर्गणीने घेतली. साधारण आठवडाभरात दहा लाख डॉलर जमले आणि देणारे होते पंधरा हजारांहून जास्त लोक. म्हणजे माणशी साठ-सत्तर डॉलर.

आता याची दुसरी बाजू. याच देशाने बारा दिवसांपूर्वी, ७ सप्टेंबरला, ॲबट यांच्या आघाडीला १५० पैकी ९० जागा दिल्या होत्या. प्रचारातलं त्यांचं सगळ्यांत मोठं वचन होतं: कार्बन कर रद्द करू. सरकारने हवामान धोरण पातळ केलं की लोक खवळून उठतात, असं सरळ चित्र इथे नाही. धोरण पातळ करा असं सांगायलाही लोकच रांगा लावून आले होते. त्याच लोकांचं मत पुढच्या नऊ वर्षांत कसं पालटत गेलं, हे मला कराच्या इतिहासाहून जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं. २००७ साली ऑस्ट्रेलिया दीर्घ दुष्काळाच्या शेवटच्या टप्प्यात होरपळत होता. मरे-डार्लिंग खोऱ्यातलं भाताचं पीक २००७-०८ च्या हंगामात जवळपास नाहीसंच झालं. शहरांत बागेला पाणी घालण्यावर निर्बंध आले. हवामान बदल हा विषय तेव्हा पक्षांच्या भांडणाचा नव्हता. सत्तेवरचे जॉन हॉवर्ड आणि मजूर पक्षाचे केव्हिन रड, दोघेही कार्बन उत्सर्जनाला किंमत लावण्याचं आश्वासन देऊन निवडणुकीत उतरले. रड जिंकले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते क्योटो कराराला मान्यता देण्याचं.

मग दोन वर्षं वाटाघाटी चालल्या. विरोधी बाकांवरच्या लिबरल पक्षाचे (नाव लिबरल असलं तरी तो उजवीकडचा पक्ष) नेते माल्कम टर्नबुल सरकारच्या योजनेला पाठिंबा द्यायला तयार झाले होते. त्यांच्याच पक्षात बंड झालं. १ डिसेंबर २००९ रोजी पक्षाच्या बैठकीत नेतेपदाचं मतदान झालं: ॲबट ४२, टर्नबुल ४१. दुसऱ्याच दिवशी सिनेटने विधेयक फेटाळलं.

त्या दिवशीची एक बेरीज मला अजून सलते. मजूर पक्षाचे ३२ सिनेटर, ग्रीन पक्षाचे ५, आणि पक्षादेश झुगारून सरकारच्या बाजूने आलेले २ लिबरल. एकूण ३९. ७६ जणांच्या सभागृहात ३९ म्हणजे बहुमत. पण ग्रीन पक्षाने विरोधात मत दिलं. योजना फार मवाळ आहे, मोठ्या प्रदूषकांना फुकट सवलती देते, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. निकाल खरोखर फिरणार असता तर त्या दोन लिबरल सिनेटरांनी तसंच मत दिलं असतं का, यावरही वाद आहे. तरी अर्धी भाकरी नाकारून पूर्ण ताट मिळेल हा हिशेब चुकला, असंच माझं मत आहे. त्यानंतरच्या दशकातली बहुतेक वर्षं त्या देशाने उपाशीच काढली.

रड यांनीही कच खाल्ली. ज्या प्रश्नाला ते आपल्या पिढीपुढचं मोठं नैतिक आव्हान म्हणत, त्यावरची योजना त्यांनी एप्रिल २०१० मध्ये पुढे ढकलली. लोकांना ते रुचलं नाही. त्यांची लोकप्रियता घसरली आणि जूनमध्ये पक्षानेच त्यांना बाजूला करून ज्युलिया गिलार्ड यांना पंतप्रधान केलं. धोरण सोडल्याची शिक्षा तेव्हा लोकांनी दिली होती, हे पुढच्या गदारोळात सगळे विसरले.

गिलार्ड यांनी ऑगस्ट २०१० च्या निवडणुकीआधी सांगितलं होतं की माझ्या सरकारच्या काळात कार्बन कर येणार नाही. निकाल त्रिशंकू लागला. ग्रीन पक्ष आणि काही अपक्षांच्या टेकूवर सरकार उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये गिलार्ड यांनी कार्बनला किंमत लावण्याची घोषणा केली. झालं! बाई खोटं बोलल्या, हे एकच वाक्य रेडिओवरून रोज दणाणू लागलं. मार्च २०११ मध्ये कॅनबेराला संसदेसमोर सभा भरली. पंतप्रधानांना चेटकीण आणि खोटारडी म्हणणारे फलक तिथे फडकत होते आणि ॲबट त्या फलकांपुढे उभे राहून भाषण करत होते.

कायदा १ जुलै २०१२ पासून लागू झाला. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा तर २३ डॉलर मोजायचे. हे पैसे घरोघरच्या लोकांनी नव्हे, देशातल्या काहीशे बड्या प्रदूषक कंपन्यांनी भरायचे होते. त्यातून आलेल्या पैशाचा मोठा भाग सरकारने लोकांनाच परत दिला: प्राप्तिकराची सूट मर्यादा ६,००० डॉलरवरून १८,२०० डॉलरवर नेली, निवृत्तिवेतनं वाढवली. माझ्या मते इतक्या काळजीपूर्वक रचलेले हवामानाचे कायदे जगात थोडेच सापडतील.

पण लोकांच्या हातात दर तिमाहीला येत होतं ते विजेचं बिल. विजेचे दर आधीपासूनच चढत होते आणि त्याचं मोठं कारण होतं खांब, तारा, उपकेंद्रं यांवर वीज कंपन्यांनी केलेला अवाढव्य खर्च. कराने त्यात भर पडली, हेही खरं. मिळालेली करसूट पगारात मुरून जाते; वाढलेलं बिल स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लावलेलं दिसत राहतं. ॲबट यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. व्हायॲला हे पोलादाचं गाव नकाशावरून पुसलं जाईल, असंही ते म्हणाले होते. १ जुलै उजाडला आणि व्हायॲला जागच्या जागी होतं. ॲबट यांच्या तेव्हाच्या मुख्य सल्लागार पेटा क्रेडलिन यांनी २०१७ मध्ये टीव्हीवर उघड कबूल केलं की तो खरं तर कार्बन कर नव्हताच. आम्ही ती लढाई पर्यावरणाची न ठेवता लोकांच्या खिशाची केली. हा कबुलीजबाब आला तेव्हा कायदा जाऊन तीन वर्षं होत आली होती.

२०१३ च्या नोव्हेंबरात देशभर मोर्चे निघाले. आयोजकांच्या अंदाजानुसार साठ हजार लोक रस्त्यावर होते. महिनाभरापूर्वीच सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये वणव्यांनी दोनशे घरं खाल्ली होती. ॲबट स्वतः वर्षानुवर्षं स्वयंसेवक म्हणून वणवे विझवायला जात, त्याही वेळी गेले. ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवी. पण वणव्यांचा आणि तापमानवाढीचा संबंध त्यांनी उडवून लावला.

१७ जुलै २०१४ रोजी सिनेटने ३९ विरुद्ध ३२ मतांनी कायदा रद्द केला. कार्बनला लावलेली किंमत एखाद्या देशाने अशी काढून टाकण्याची ती पहिलीच वेळ. कर असताना दोन वर्षं वीजनिर्मितीतलं उत्सर्जन उतरत होतं. तो गेल्यावर ते पुन्हा चढू लागलं.

कायदा गेल्यावरची पहिली निदर्शनं पाहिली तर त्यांत संतापाहून असहायताच जास्त दिसते. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या बारा बेटदेशांतले तरुण, स्वतः घडवलेल्या होड्या घेऊन न्यूकॅसल बंदराच्या तोंडाशी आले. जगातलं हे सर्वांत मोठं कोळसा निर्यात बंदर. त्यांच्यामागून स्थानिक लोक कयाकमधून आले आणि दिवसभर कोळशाच्या प्रचंड जहाजांपुढे ही लाकडी नावांची ओळ डुलत राहिली. त्याच आठवड्यात ॲबट क्वीन्सलँडमध्ये एका खाणीच्या उद्‌घाटनाला गेले आणि कोळसा मानवजातीच्या भल्याचा आहे, असं सांगून आले. नोव्हेंबरात ब्रिस्बेनला जी-२० परिषद भरली. विषयपत्रिकेवर हवामान नको, असा यजमानांचा आग्रह. तेव्हा सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर शेकडो माणसांनी वाळूत खड्डे खणले आणि गुडघे टेकून त्यांत आपली डोकी खुपसली. त्यांत कोटटाय घातलेले नोकरदारही होते.

या आघाडीवर भारताचं नाव याच काळात ठळक झालं. क्वीन्सलँडमधल्या गॅलिली खोऱ्यातली कारमायकल खाण अदानी समूहाची. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टेट बँकेने या प्रकल्पाला शंभर कोटी डॉलरपर्यंत कर्ज देण्याच्या समझोत्याची घोषणा झाली. ते कर्ज प्रत्यक्षात गेलं नाही. खाणीविरुद्ध देशव्यापी मोहीम उभी राहिली. २७ नोव्हेंबर २०२० रोजी सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना सुरू होऊन काही षटकं होतात न होतात तोच स्टेट बँकेला उद्देशून लिहिलेला फलक घेऊन एक निदर्शक मैदानात शिरला. आपल्याकडे अनेकांना ऑस्ट्रेलियातल्या या भांडणाची पहिली खबर त्या सामन्यामुळे लागली असेल. क्वीन्सलँडच्या खाणगावांना मात्र हे सगळं शहरी लोकांचं थेर वाटत होतं. एप्रिल २०१९ मध्ये ग्रीन पक्षाचे ज्येष्ठ नेते बॉब ब्राउन मोटारींचा ताफा घेऊन क्लेरमाँटपर्यंत गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना उलट घोषणांनी उत्तर दिलं. रोजगाराचा प्रश्न त्यांच्या दारातला होता आणि त्यांच्याशी आधी बोलायला कुणी गेलंच नव्हतं.

दरम्यान राजधानीत पंतप्रधान बदलत राहिले. टर्नबुल परत आले, हवामानाच्याच मुद्द्यावर दुसऱ्यांदा पडले. ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॉट मॉरिसन आले. अर्थमंत्री असताना फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी भर संसदेत कोळशाचं ढेकूळ उंचावून दाखवलं होतं: हा कोळसा आहे, घाबरू नका. बाकांवर हशा पिकला. ते ढेकूळ हातोहात फिरलं. हात काळे होऊ नयेत म्हणून त्याला आधीच लॅकर लावलेलं होतं. त्याच आठवड्यात न्यू साउथ वेल्स राज्य भीषण उष्णतेच्या लाटेत भाजून निघत होतं.

३० नोव्हेंबर २०१८ रोजी हजारो मुलांनी शाळेला दांडी मारली. शाळेत शिकणं जास्त व्हावं आणि चळवळ कमी, असं मॉरिसन संसदेत म्हणाले होते. पोरांनी ते वाक्यच फलकांवर घेतलं. सप्टेंबर २०१९ च्या हरताळात देशभर तीन लाख लोक उतरल्याचा आयोजकांचा अंदाज होता. मेलबर्नच्या एका भारतीय वंशाच्या शाळकरी मुलीने आणि तिच्या सात सोबत्यांनी तर कोळसा खाणीच्या विस्तारावरून थेट पर्यावरणमंत्र्यांना न्यायालयात खेचलं. मुलं सज्ञान नसल्याने त्यांच्या वतीने एक वृद्ध नन उभी राहिली. मे २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की मुलांना इजा होऊ नये याची काळजी घेणं हे मंत्र्याचं कर्तव्य आहे. मार्च २०२२ मध्ये वरच्या पीठाने तो निकाल फिरवला.

पण २०१९ च्या मे महिन्यातल्या निवडणुकीकडे परत यायला हवं, कारण लोकमताचे दोन तुकडे निकालाच्या एका रात्री शेजारी शेजारी दिसले. ॲबट यांचा सिडनीतला वॉरिंगा मतदारसंघ १९९४ पासून त्यांच्याकडे होता. तिथे झाली स्टेगल या अपक्ष उमेदवार, हिवाळी ऑलिंपिकमधल्या कांस्यपदक विजेत्या आणि व्यवसायाने वकील, हवामानाचा मुद्दा घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ॲबट यांना घरी पाठवलं. त्याच रात्री मॉरिसन यांनी देश जिंकला आणि क्वीन्सलँड त्यांच्या मागे उभं राहिलं. पराभव मान्य करताना ॲबट म्हणाले की हवामान जिथे नैतिक प्रश्न होतो तिथे आम्हाला जड जातं. जिथे तो पैशाचा प्रश्न होतो तिथे आमचं उत्तम चालतं. त्या रात्रीचं याहून अचूक विश्लेषण कुठल्याही स्तंभलेखकाने केलं नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलात एक पत्र पंतप्रधानांकडे गेलं होतं. अग्निशमन आणि आपत्ती व्यवस्थापन दलांचे २३ निवृत्त प्रमुख, न्यू साउथ वेल्सचे ग्रेग मलिन्स त्यांत पुढे. येणारा उन्हाळा भयंकर असेल, वणवे विझवणारी मोठी विमानं अपुरी आहेत, आम्हाला भेटायला वेळ द्या. या मंडळींना एकत्र आणण्यामागे क्लायमेट काउन्सिल होती. पंतप्रधानांची भेट मिळाली नाही. लोकांच्या वर्गणीतून दिला गेलेला इशारा पोहोचला होता. ऐकणारं कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात २.४ कोटी हेक्टर जमीन जळली. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ साधारण ३.१ कोटी हेक्टर आहे, त्यावरून अंदाज यावा. तीन हजारांहून जास्त घरं गेली, ३३ माणसं आगीत दगावली आणि धुरामुळे गेलेल्यांची संख्या अभ्यासकांनी चारशेच्या वर धरली. डिसेंबरात सिडनी धुराखाली असताना मॉरिसन कुटुंबासह हवाईला सुट्टीवर होते. १९ डिसेंबरला दोन स्वयंसेवक अग्निशामक झाड कोसळून मरण पावले. टीका वाढल्यावर पंतप्रधान रेडिओवर म्हणाले, मी काही पाण्याचा पाइप हातात धरत नाही. हे वाक्य त्यांना पुढे कधीच पुसता आलं नाही.

३१ डिसेंबरच्या सकाळी व्हिक्टोरियातल्या मॅलाकूटा गावाला आगीने तिन्ही बाजूंनी घेरलं. बाहेर पडायचा एकच रस्ता, तो बंद. चार हजारांच्या आसपास माणसं, त्यांत नाताळच्या सुट्टीला आलेले पर्यटक कितीतरी, पाण्याच्या काठाशी जमली. सकाळ असून आकाश काळं झालं, मग तांबडंलाल. वाजत्या भोंग्याचा अर्थ होता, पाण्यात उतरा. लोक तोंडाला ओली फडकी बांधून, कुत्रीमांजरं कडेवर घेऊन धक्क्यावर आणि होड्यांत बसून होते. वारा फिरला म्हणून ती माणसं वाचली. चौथ्या दिवशी नौदलाच्या जहाजांनी हजाराहून जास्त जणांना समुद्रमार्गे बाहेर काढलं. श्रीमंत, सुव्यवस्थित देशातल्या नागरिकांना युद्ध नसताना नौदलाने किनाऱ्यावरून उचलावं लागलं.

२ जानेवारीला मॉरिसन कोबार्गो या जळालेल्या गावात गेले. एका तरुण बाईने हात पुढे करायला नकार दिला. आमच्या अग्निशमन दलाला पैसे वाढवून द्या, मगच हात मिळवते, असं ती म्हणाली. त्यांनी तिचा हात स्वतःच उचलून हातात घेतला आणि पुढे चालू लागले. एका थकलेल्या अग्निशामकानेही हस्तांदोलन नाकारलं. हे सगळं कॅमेऱ्यांसमोर घडलं आणि रात्री घराघरांत पाहिलं गेलं. कोबार्गो हे खाणवाल्यांचं गाव नाही आणि शहरी निदर्शकांचंही नाही. दूधदुभत्याचा व्यवसाय करणारं साधं खेडं. ज्या वर्गाच्या नावाने दहा वर्षं कराविरुद्ध राजकारण झालं, तोच वर्ग तिथे उभा होता.

एका रद्द झालेल्या करामुळे ते वणवे लागले असं म्हणणं खोटं ठरेल. जगाच्या उत्सर्जनात ऑस्ट्रेलियाचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या वर आहे, आणि मॉरिसन यांनी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. पण जगाला कोळसा विकणाऱ्या अव्वल देशांपैकी एकाने ‘आमचा वाटा केवढासा’ म्हणावं, हे लोकांना त्या उन्हाळ्यानंतर पटेनासं झालं.

संतापाला मतपेटीपर्यंत नेणारी वाट मात्र फार आधी, व्हिक्टोरियातल्या इंडाय या ग्रामीण मतदारसंघात पाडली गेली होती. तिथल्या काही रहिवाशांनी २०१२-१३ मध्ये घरोघरी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बैठका घेतल्या. आठ-दहा माणसं, चहा, आणि साधे प्रश्न: तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं, तुमच्या खासदाराकडून काय हवंय. चारशेच्या वर लोक बोलले, टिपणं काढली गेली, त्यांतून उमेदवार ठरली: कॅथी मॅकगोवन. ॲबट ज्या दिवशी ९० जागा घेऊन आले त्याच निवडणुकीत मॅकगोवन यांनी त्यांच्या बाजूच्या वजनदार खासदार सोफी मिराबेला यांना ४३९ मतांनी हरवलं. तेव्हा ही एक स्थानिक नवलाई समजली गेली.

२०२२ मध्ये हीच पद्धत सिडनी, मेलबर्न, पर्थच्या सुखवस्तू उपनगरांत पोहोचली. निळसर हिरव्या टीशर्टांतले स्वयंसेवक दारोदार फिरले. कूयाँग हा मतदारसंघ म्हणजे लिबरल पक्षाचे संस्थापक रॉबर्ट मेन्झिस यांचा. तिथे अर्थमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग यांना लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर मोनिक रायन यांनी हरवलं. २१ मेच्या त्या निकालात सहा नव्या अपक्ष महिला अशा निवडून आल्या, स्टेगल यांनी जागा राखली, ग्रीन पक्षाला कनिष्ठ सभागृहात चार जागा मिळाल्या आणि मॉरिसन सरकार गेलं. सप्टेंबरात मजूर सरकारने २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४३ टक्के उत्सर्जनकपात कायद्यात घातली.

लोकांची नाराजी तिथे संपली नाही. याच मजूर सरकारने कोळसा खाणींच्या विस्ताराला परवानग्या दिल्या आणि २०२५ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचा नॉर्थ वेस्ट शेल्फ हा प्रचंड वायुप्रकल्प २०७० पर्यंत चालवायला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलच्या बंदरात पुन्हा कयाक उतरल्या, शंभराहून जास्त जणांना अटक झाली. त्यांत ९७ वर्षांचे एक पाद्री होते.

मे २०२५ च्या निवडणुकीत लिबरल पक्ष आणखी खाली गेला. मजूर पक्षाला ९४ जागा मिळाल्या. अपक्ष महिलांनी घेतलेल्या जागांपैकी लिबरलांना फक्त गोल्डस्टीन परत मिळाली, तीही दोनशेपेक्षा कमी मतांनी. उलट सिडनीतली ब्रॅडफील्डची जागा आणखी एका अपक्ष उमेदवाराने २६ मतांनी काढून घेतली. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच लिबरल पक्षाने २०५० पर्यंत उत्सर्जन शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट सोडून दिल्याचं जाहीर केलं. कारण दिलं ते विजेच्या बिलांचं.